आवडला ना? मग तुझाच

कंदीलकाकांचं घर जुन्या कंदिलांनी भरलेलं होतं, पण एखाद्या कंदिलाचं नुसतं कौतुक करायची सोय नव्हती. "आवडला ना? मग तुझाच," म्हणत ते तो हातात ठेवायचेच. सगळी गल्ली त्यांच्यावर जीव टाकायची.

त्यांना स्मशानात पोचवून आल्यावर त्यांच्याच बैठकीत आठवणी निघाल्या. "काकांचं हसणं मात्र लाखात एक," शिंपीदादा म्हणाले. मग कुणीतरी काकांचाच एक जुना विनोद सांगितला. शिंपीदादा हसले, आणि खोलीत काकांचं हसणं घुमलं.

शिंपीदादांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बायकोने माझा दंड घट्ट पकडला. "अहो, सकाळी काकांना शेवटचं बघताना तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो होतो, "किती शांत झोप लागलीय! हेवा वाटतो."

मला जांभई आली.