खिडकीची परीक्षा

महिपत कामाला निघाला तेव्हा त्याची बायको काशी पाड्यावर टँकरच्या रांगेत हंडे लावत होती.

सापगावच्या फार्महाऊसवर शेटची सहलीची बोट ट्रॉलीवर उभी होती. तिच्या गळक्या खिडकीला महिपतने नवं रबर बसवलं, फटी सिलिकॉनने बुजवल्या.

"शेट, तासभर पाणी मारून बघाया लागंल. धरणात गळली तर नाव माझं जाईल."

विहिरीने तळ गाठलेला. शेटने फोन फिरवला, टँकर आला. महिपतने पाईप धरून खिडकी चांगली झोडपून काढली. आत थेंबसुद्धा नाही!

संध्याकाळी पाड्यावर हंडे रांगेतच होते, रिकामे.

"वाटंतूनच वळवला टँकर," काशी कडाडली. "कोना शेटची बोट गळत होती म्हनं!"

"आता नाय गळत गो," महिपत म्हणाला.