सरकती खोली

ॲरिझोनाच्या वाळवंटात दिवस मावळत होता. डॉयल आपल्या कॅम्परच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या रुळांना वंगण देत होता. त्या खोलीतल्या सोफ्यावर त्याची बायको व्हर्ना विणत बसली होती.

"डॉयल, बास की! किती लांब सरकवशील?"

"बटणाला हातही लावला नाही गं." बाहेरून खोली नेहमीएवढीच दिसत होती.

"पण छान वाटतंय हं. इथं सकाळचं कोवळं ऊन पडलंय." तिचा आवाज दुरून आला.

तो धावत आत गेला. सोफा पार लांब गेला होता आणि व्हर्ना ठिपक्याएवढी दिसत होती. त्यानं खोली आत घ्यायचं बटण दाबलं. खोली अलगद आत आली, सोफा त्याच्या गुडघ्यांना टेकला. तो रिकामा होता.

"ओढत राहा रे," लांबून व्हर्ना म्हणाली, "मी अजून पोचायचीय."