बाविसावी ओळ

फ्लेक्सच्या दुकानात वृंदाचं पोस्टर पडद्यावर उघडलं. परिषदेसाठी तीन वर्षांचं संशोधन तिनं एका पानावर बसवलं होतं, बारीक अक्षरांत, सात तक्त्यांसह.

मशीनवरच्या सुलभाताईंनी विचारलं, "मॅडम, यात आहे काय?"

"पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड. तालुक्यातल्या चाळीस बोअरवेल तपासल्या. अकरांच्या पाण्यानं मुलांच्या दातांवर पिवळे डाग पडतायत."

ताईंचा हात थांबला. "माझ्या मुलीचे दात तसेच आहेत. नीट घासत नाही म्हणून रोज रागावते तिला. आमची सावरटेकची बोअर कुठाय यात?"

वृंदानं शोधलं. पाचव्या तक्त्यातल्या बाविसाव्या ओळीत नुसता क्रमांक होता. तिला ओशाळल्यासारखं झालं.

ती खुर्ची ओढून ताईंशेजारी बसली. मजकूर काढून दोघींनी तालुक्याचा मोठा नकाशा मांडला, गावांची नावं ठळक केली, वाईट बोअर लाल आणि चांगल्या हिरव्या रंगवल्या.

सावरटेकच्या लाल ठिपक्याशेजारी ताईंना दुसरा दिसला. "शाळेजवळची हिरवी आहे," त्या म्हणाल्या. "आजपासून पाणी तिथूनच भरते."

वृंदानं दोन प्रती मागितल्या, एक परिषदेसाठी, दुसरी सावरटेकच्या ग्रामपंचायतीसाठी.