रोजचा तांब्या

वृंदाने गाडीचा जुना रेडिएटर काढून अंगणात ठेवला, तेव्हा सासरे जवळ येऊन बसले.

"कशाने गेला गं?"

"वय झालं होतं, अण्णा."

सासूबाई गेल्यापासून अण्णा सकाळी एकाच कामासाठी अंथरुणातून उठत: सासूबाईंच्या लाडक्या गाडीत तांब्याभर पाणी घालायला. तेवढं तरी सुटू नये म्हणून वृंदा खोटं बोलली.

अण्णांनी रेडिएटरच्या तोंडातला पांढरा थर नखाने खरवडला. "हा तर गिझरमध्ये साठतो तोच क्षार. आपल्या बोअरच्या पाण्याचा. म्हणजे तिची गाडी मीच बिघडवली." ते आत जाऊन पडले.

वृंदाने नवा रेडिएटर बसवला. इंजिनातून येणारं तांबूस पाणी नितळ होईपर्यंत ती डिस्टिल्ड वॉटर सोडत राहिली. मग पाण्याऐवजी इंजिन थंड ठेवणारं हिरवं कुलंट भरून तिने खिडकीतून हाक मारली.

"अण्णा, ह्यात पाणी घालायचं नाही, पण पातळी रोज बघायला हवी. सकाळी, इंजिन थंड असताना. मला कॉलेजची घाई असते."



दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडल्याचा आवाज आला. हातातला तांब्या जास्वंदीच्या मुळाशी रिकामा करून अण्णा ओरडले, "वृंदा, बरोबर खुणेवर आहे गं!"