दुसऱ्या अल्बममध्ये काय कमी होतं

आपापले गाजलेले बँड सोडून चार दिग्गजांनी मिळून एक हार्ड रॉक बँड काढला. त्यांचा पहिला अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. दुसरा आला आणि त्याच लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. सगळ्यांचं रडगाणं एकच, "पहिल्यातला तो दणका कुठे गेला?"

चौघांनी पहिला अल्बम पुन्हा कान देऊन ऐकला. प्रत्येक गाण्यात मध्येच कुठेतरी धाड, धाड, धाड असा आवाज होता.

ड्रमर म्हणाला, "आईशप्पथ, हे मी वाजवलेलं नाही."

चौघांनी एकदमच खाली फरशीकडे पाहिलं. खालच्या मजल्यावर हॉस्पिटलातल्या एक सिस्टर राहायच्या. रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या आणि वर रेकॉर्डिंग सुरू झालं की संतापून झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. ही कटकट नको म्हणून तर दुसऱ्या अल्बमच्या वेळी खोलीभर जाड गाद्या अंथरल्या होत्या!

चौघांनी ताबडतोब गाद्या उचलून गॅलरीत फेकल्या, माइक लावले आणि दुसऱ्या अल्बममधली सगळी गाणी जीव तोडून वाजवली. खालून हूं नाही की चूं नाही.

शेवटी दिग्गज जिना उतरले. बऱ्याच वेळा बेल वाजवल्यावर सिस्टरांनी दार उघडलं.

"सिस्टर, आमचं वाजवणं ऐकू आलं नाही का?"

"आलं की."

"मग ठोकलं का नाही?"

"अहो, कशाला ठोकू?" सिस्टर जांभई देत म्हणाल्या. "किती गुणी झाली हो तुमची गाणी! पडल्या पडल्या डोळा लागला."