निस्ता लेकरांचा डॉक्टर

शाल डॉक्टरांच्या खांद्यावर पडली, नारळ अजून सरपंचांच्या हातात होता, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी खरं बोलून घोटाळा केला.

"एम.डी. झालो की परभणीत दवाखाना टाकीन," ते म्हणाले, "पण फक्त लहान मुलांचा."

ग्रामपंचायतीच्या ओट्यापुढं जमलेलं गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलं. झरीच्या पुढच्या ह्या आडगावात डॉक्टर चंद्रभान खिल्लारे सरकारी दवाखाना चालवत होते. विंचवापासून बाळंतपणापर्यंत काहीही आणा, बघायचे. आता त्यांना औरंगाबादला मोठ्या शिक्षणाला जागा मिळाली होती. वर्षभर हाऊसमन म्हणून वॉर्डात राबायचं, मग दोन वर्षं एम.डी. परवा हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. गावाला वाटलं, आपला डॉक्टर मोठा होऊन येणार. म्हणून तर शाल आणली. आणि हा बाबा लहान व्हायला निघालेला!

"म्हंजी, माझा गुडघा?" पहिले भानावर आले ते दत्तराव.

"तो दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, काका."

"आता तर तुमीच बघायलाव की! शिकून आल्यावर इसरणार का काय?"

झालं, एकच कल्ला उसळला. सत्काराचं भाषण ठोकलेल्या मास्तरांना कुणीतरी धरलं, "मास्तर, तुमी एम.ए. झालाव म्हनून निस्ती पहिली शिकवताव का?" मास्तर चष्मा पुसत बसले. किशनराव म्हणाले, "आनिक तीन वर्सं शिकला तर निस्ता डावा कान बघंल. उजव्यासाठी मुंबई गाठा!" माणसं खो खो हसली. लेकराचं अंग वेगळं, त्याचं औषध वेगळं, असं काहीबाही डॉक्टर सांगत होते. पण ऐकतंय कोण?

सरपंच भगवानरावांनी नारळ शिपायाच्या हातात कोंबला. गावातली निम्मी जमीन त्यांची आणि झेडपीतला सभापती त्यांचा मेहुणा. त्यामुळं त्यांना आवाज चढवायची कधी गरजच पडली नव्हती. आज त्यांनी चढवला.

"असल्या उलट्या शिक्षणाला आमी डॉक्टर देणार न्हाई. बदलीचा मानूस येईस्तोर ह्यायला सोडायचं न्हाई, असं मी उद्याच झेडपीत सांगून येतो."

लोकांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. ह्या गावाला बदलीचा डॉक्टर मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसणं. मिळालेली जागा त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती. तिकडं त्यांच्या गावी, राणीसावरगावात, बापानं पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

बायका भिंतीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांतून सरपंचांची मालकीण, सगुणाबाई, उठून उभी राहिली. नवऱ्यापुढं भर सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती. तिनं डोईवरचा पदर सारखा केला. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला सात झाली. हायेत दोन," ती म्हणाली. "पाच गेली तवा बी डॉक्टर व्हता की, ह्यांच्या आधीचा. समद्यांचाच डॉक्टर व्हता. मोठ्या मानसाची गोळी मोडून अर्धी लेकराला द्यायचा."

मागून मालनबाई पुटपुटली, "माझी तीन गेली." मग केशरबाईनं नुसती चार बोटं वर केली. बाप्यांना एकदम आपापल्या वहाणा सापडेनाशा झाल्या. कुणी न सांगता सभा मोडली. दत्तरावांनी गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यापुढं बैलगाडी उभी. घरात चार गडी असताना कासरा खुद्द सरपंचांच्या हातात! डॉक्टर दारातच थबकले. आता हे आपल्याला बरोबर घेऊनच झेडपीत जाणार की काय? पण सरपंचांनी त्यांची ट्रंक उचलली, गाडीत टाकली आणि नुसतं "बसा" म्हणाले.

झरीपर्यंत ते बैलांवरसुद्धा खेकसले नाहीत. येष्टी आली. ट्रंक त्यांनी स्वतः टपावर चढवली. कंडक्टर घंटी मारणार, तेवढ्यात त्यांनी खिडकीतून हात घालून डॉक्टरांची बाही धरली.

"डॉक्टर, सुनेला पाचवा लागलाय," ते हळूच म्हणाले. "ते तीन वर्साचं शिक्षण... जरा लवकर उरकत न्हाई का?"