मेतकुटाची बाटली

गुलमर्गला आल्यापासून आमच्या छोट्या सृष्टीने बिस्किटांखेरीज काही खाल्लं नव्हतं. नवऱ्याच्या हडपसरच्या ऑफिसमधली मंडळी स्कीइंग आटोपून काचेच्या रेस्टॉरंटकडे निघाली. स्की शिकवणारे कुठे जेवतात, ते मी कालच हेरून ठेवलं होतं. मी तिकडे बोट दाखवलं. “त्या पत्र्याच्या शेडमध्ये? आजारी पडेल ती!” नवरा म्हणाला. मी लेकीला उचलून तिकडेच गेले. चुलीजवळच्या बाईंनी मऊ भात वाढला, वर तूप सोडलं. मी पर्समधून मेतकुटाची बाटली काढली. पुण्यात बॅग भरताना नवरा हिलाच हसला होता. पहिला घास सृष्टीने गालात धरून ठेवला. थुंकणार म्हणून मी ओंजळ पुढे केली. तिने तो गिळला आणि पुन्हा आ केला. ताट संपत आलं तेव्हा नवरा दारात उभा. “तिथला पिझ्झा गारढोण आहे गं. मलाही दे ना.” मी झाकण लावलं. “आधी सृष्टी. मग हसणारे.”